पहिलं निवेदन सातला, पुढचं साडेनऊला: संस्था अडचणीत आली की लोकांशी कसं बोलावं

२५ जुलै २०२४ ची पहाट पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतली माणसं विसरणार नाहीत. रात्रभर पाऊस कोसळत होता, खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडलेलं होतं, आणि लोक जागे झाले तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. पुढे लष्कर बोलवावं लागलं. पाणी ओसरल्यावरही शहरात एकच वाद चालू राहिला: लोकांना आधी सांगितलं होतं की नव्हतं? रहिवासी म्हणत होते, आम्हाला कुणी काही सांगितलं नाही.

धरणाच्या विसर्गाची माहिती आपल्याकडे क्युसेकमध्ये दिली जाते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. जलसंपदा विभागातल्या अभियंत्याला तेवढा आकडा पुरतो. नदीकाठी तळमजल्यावर राहणाऱ्या आजींना मात्र ‘तीस हजार क्युसेक’ ऐकून पाणी आपल्या उंबऱ्याला लागणार की नाही, याचा पत्ता लागत नाही. त्यांना हवं असतं ते असं: ‘पहाटे तीनच्या आत तळमजला सोडा. गाड्या वर मुख्य रस्त्यावर लावा. निघताना मेन स्विच बंद करा. पुढची सूचना साडेतीनला.’

मी बरीच वर्षं पुण्यातल्या सार्वजनिक संस्थांमध्ये जनसंपर्काचं काम केलं. रुग्णालय, विद्यापीठाचा विभाग, क्षेत्रीय कार्यालय किंवा ग्रामपंचायत, कुठेही तुमच्यावर अशी वेळ आली तर हाताशी असावं म्हणून हे लिहिते आहे. माझा सगळा भर दोन गोष्टींवर आहे. ऐकणाऱ्याला आत्ता करण्यासारखं काहीतरी द्या. आणि पुन्हा कधी बोलणार ती वेळ सांगा, मग काहीही झालं तरी ती पाळा.

आधी ठरवा: हे संकट आहे की वाद?

दोन्हींत गर्दी जमते, फोन खणखणतात, कॅमेरे येतात, म्हणून अधिकारी दोन्ही एकाच मापाने मोजतात. संकटात कुणाच्या तरी जिवाला, तब्येतीला, घराला या क्षणी धोका असतो. तिथे लोकांना सूचना हवी असते. वादात लोकांना तुमचा निर्णय पटलेला नसतो. तिथे त्यांना कारण हवं असतं, आणि आपलं म्हणणं कुणीतरी ऐकून घ्यावं असं वाटत असतं.

गडबड होते ती अदलाबदल केल्यावर. पाण्यातून आजार पसरत असताना ‘सदर वृत्त निराधार आहे’ असा खुलासा काढणं, म्हणजे संकटाला वाद समजणं. आणि विद्यार्थी पायरीवर बसले म्हणून तासाभरात पोलीस व्हॅन बोलावणं, म्हणजे वादाला संकट समजणं.

पुण्यातल्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेतल्या विद्यार्थ्यांचा २०१५ चा संप आठवा. अध्यक्षपदाच्या नेमणुकीवरून १२ जूनला सुरू झालेला तो संप १३९ दिवस चालला. नेमणूक दिल्लीत मंत्रालयाने केली होती. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या कार्यालयात बसलेल्या संचालकांच्या हातात ती बदलणं नव्हतं, पण रोज समोरासमोर येत होते ते विद्यार्थी आणि संचालकच. ऑगस्टमध्ये घेराव झाला, मध्यरात्री विद्यार्थ्यांना अटक झाली, आणि देशभर चर्चा त्या रात्रीची सुरू झाली. कोण बरोबर होतं याचा निवाडा मला इथे करायचा नाही. निर्णय तुमचा नसेल तेव्हा पहिल्याच दिवशी लेखी सांगा: हा निर्णय अमुक कार्यालयाचा आहे, तुमचं निवेदन आम्ही अमुक तारखेला तिकडे पाठवलं, आणि आमच्या अधिकारात आहेत त्या गोष्टी या. शेवटचा भाग सगळे विसरतात. वर्ग, वसतिगृह, परीक्षा, उपस्थिती यांचं काय होणार, याचा अधिकार बहुतेक वेळा तुमच्याकडेच असतो.

पहिला तास: एक लॉगबुक उघडा

मोबाइलवर नको. कागदाची वही घ्या आणि चार रकाने आखा: वेळ, काय कळलं, कुणाकडून, खात्री केली का. एका माणसाने दुसरं काही न करता तेवढंच लिहायचं. त्या तासात तीन वेगवेगळे आकडे तुमच्या कानावर येणार, आणि प्रत्येक जण आपलाच खरा म्हणणार. वहीत उतरलं की कोणता आकडा किती वाजता कुणी दिला, ते दिसतं. दीड महिन्याने चौकशी समिती बसते, तेव्हाही हीच वही कामाला येते. व्हॉट्सॲपवरचे निरोप तोवर पुसले गेलेले असतात.

याच तासात एक अप्रिय काम उरकून घ्या: बोलायची परवानगी कुणाची, हे ठरवा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मुळे सरकारी कर्मचारी माध्यमांशी बोलायला बिचकतो, आणि ती भीती रास्त आहे. साहेब मुंबईला बैठकीत, फोन बंद, आणि गेटवर चार कॅमेरे. यावर उपाय शांत दिवसांत करून ठेवायचा असतो. एक साधा कार्यालयीन आदेश काढून घ्या: अमुक अधिकारी उपलब्ध नसतील तर अमुक, तेही नसतील तर तमुक, आणि पहिलं निवेदन ठरलेल्या नमुन्यात असेल तर वेगळ्या मंजुरीची गरज नाही. एका पानाच्या या आदेशाने माझे जितके तास वाचवले तितके दुसऱ्या कशानेच वाचवले नाहीत.

पहिलं निवेदन, आणि ‘किरकोळ’ हा शब्द

दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका शिक्षणसंस्थेत होते. मुलींच्या वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर उलट्या सुरू झाल्या. अकरापर्यंत वीसेक मुली जवळच्या दवाखान्यात पोहोचल्या होत्या. मी प्रेसनोट लिहिली: ‘काही विद्यार्थिनींना किरकोळ त्रास झाला असून परिस्थिती नियंत्रणात आहे. सखोल चौकशी करण्यात येईल.’ तीन ओळी, सही, शिक्का. वरिष्ठांनी वाचून मान डोलावली. मलाही बरं वाटलं.

रात्री पाऊण वाजता टेलिफोन ऑपरेटरने एक फोन मला जोडून दिला. परभणीकडची आई होती. तिच्या भावाने ती नोट कुठल्याशा ग्रुपवर वाचून दाखवली होती. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “मॅडम, किरकोळ म्हंजे किती? पोरीला सलाइन लावलंय म्हणतेत. मी आत्ता निघू का सकाळी निघू, तेवढं सांगा.”

माझ्या तीन ओळींत त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मुलगी कोणत्या दवाखान्यात आहे, तिच्याजवळ कोण थांबलंय, कुणाला फोन करायचा, यातलं काहीच नव्हतं. मी दवाखान्यात थांबलेल्या रेक्टरबाईंना फोन लावला, मुलीच्या पलंगापाशी जायला सांगितलं, आणि मायलेकींचं बोलणं करून दिलं. मग बसून नोट पुन्हा लिहिली. ती साधारण अशी होती:

‘रात्रीच्या जेवणानंतर वसतिगृहातल्या २३ मुलींना उलट्या व पोटदुखीचा त्रास झाला. त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं आहे. रात्री एक वाजेपर्यंत १४ मुलींना सलाइन लावलेलं आहे. कुणालाही अतिदक्षता विभागात हलवावं लागलेलं नाही. दोन शिक्षिका आणि रेक्टर दवाखान्यात आहेत. पालकांनी या दोन क्रमांकांवर फोन करावा, मुलीशी बोलणं करून दिलं जाईल. त्रास कशामुळे झाला ते अजून कळलेलं नाही. जेवणाचे आणि पाण्याचे नमुने तपासणीसाठी ठेवले आहेत. मेसचं स्वयंपाकघर बंद केलं आहे. पुढची माहिती पहाटे पाचला देऊ.’

पाचला सांगायला नवं काहीच नव्हतं, फक्त दोन सलाइन निघाली होती. तरी पाचला नोट गेली. पाच वाजून वीस मिनिटांनी गेली असती, तर त्या वीस मिनिटांत पालकांच्या ग्रुपवर काय काय फिरलं असतं, याची कल्पना मला पुढच्या वर्षांत पुरेशी आली.

म्हणून पहिल्या निवेदनात या गोष्टी असू द्या: खात्रीने माहीत आहे ते, आत्ता काय चालू आहे ते, लोकांनी काय करायचं ते, अजून काय कळलेलं नाही ते, आणि पुढची वेळ. कारणाचा अंदाज बांधू नका. ‘प्राथमिक माहितीनुसार शॉर्टसर्किट’ हे वाक्य लिहायला सोपं असतं. मागे घ्यायची वेळ आली की सगळी संस्था त्याखाली दबते.

‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘करण्यात येत आहे’ ही भाषा फाइलीपुरती राहू द्या. करण्यात येत आहे म्हणजे करतंय कोण? कर्ता लिहा. ‘पाणीपुरवठा विभागाचे कर्मचारी दुपारी दोनपर्यंत टाकी धुतील’ असं लिहिलं की दोन वाजता लोक टाकीकडे बघणार, याची धास्ती वाटते. ती वाटलीच पाहिजे. ‘घाबरू नका’ हे शब्दही एकटे वापरू नका. त्यापुढे काय करायचं ते नसेल, तर घाबरलेला माणूस आणखी घाबरतो.

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या आणीबाणीतल्या संवादाच्या तत्त्वांमध्ये ‘आधी बोला, बरोबर बोला, विश्वासार्ह राहा’ हे क्रमाने पहिलं येतं. आपल्याकडे ‘आधी’वरच गाडी अडते. पूर्ण माहिती आल्यावर बोलू म्हणतात, आणि पूर्ण माहिती कधीच येत नाही.

गेटवरचा माणूस

प्रवक्ता एकच असावा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण लोक प्रवक्त्याला भेटण्याआधी सुरक्षारक्षकाला भेटतात, केसपेपरच्या खिडकीला भेटतात, टेलिफोन ऑपरेटरला भेटतात. त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं. मग ते म्हणतात, ‘आम्हाला काय माहीत, साहेबांना विचारा.’ कॅमेऱ्यासमोर तेच संस्थेचं पहिलं निवेदन होऊन बसतं.

निवेदन बाहेर जाण्याआधी त्याची छापील प्रत या माणसांच्या हातात द्या, आणि त्यातलं एक वाक्य त्यांना बोलायला द्या: ‘नातेवाइकांसाठी तळमजल्यावर खोली क्रमांक चारमध्ये मॅडम बसल्यात, तिकडे या, मी दाखवतो.’ नातेवाइकांना पत्रकारांच्या आधी कळलं पाहिजे, हा माझा हट्ट आहे. टीव्हीवरच्या पट्टीत आपल्या माणसाचं नाव वाचायची वेळ कुणावर येऊ देऊ नका.

आकडे, आणि अफवेत खरं किती

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढायला लागले. पुढे एकूण संख्या दोनशेच्या वर गेली. त्या दिवसांत आकडे ऐकून डोकं गरगरायचं, कारण एकाच दिवशी महापालिकेचे, पिंपरी-चिंचवडचे, ग्रामीणचे आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले रुग्ण वेगवेगळे मोजले जात, आणि त्यात पुन्हा ‘संशयित’ वेगळे, ‘निदान झालेले’ वेगळे. यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण वाचणाऱ्याला वाटतं, आकडा लपवतायत. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत लिहा: किती वाजताचा, कोणत्या हद्दीतला, संशयित की निश्चित. आणि कालच्यापेक्षा आकडा कमी झाला असेल तर का झाला, ते आपणहून सांगा.

त्याच काळात चिकनबद्दल भीती पसरली आणि अनेक घरांत ते बंदच झालं. इथे सोपा मोह असा की, ‘चिकनचा काहीही संबंध नाही’ असा ठणकावून खुलासा द्यायचा. तो चुकीचा ठरला असता. पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत केलेल्या तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. तो दूषित पाण्यातून येतो तसा कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मांसातूनही येऊ शकतो. जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याला होत नाही. काही जणांत अशा संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि हातापायांतली शक्ती जाते.

म्हणजे अफवेत एक कण खरा होता. तो कण आधी मान्य करा आणि त्यावरूनच कृती सांगा: ‘पाणी उकळून प्या. चिकन पूर्ण शिजवून खा. कच्चं मांस कापलेली सुरी आणि फळी धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नका. हातापायांत मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.’ हे वाचल्यावर माणसाला चिकन टाकायचंही कारण उरत नाही आणि पाणी तसंच प्यायचंही.

पोहोचवायचं कसं? पत्रावर टाइप करून, सही-शिक्क्यासह पीडीएफ काढली की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं. मोबाइलवर ती कुणी उघडत नाही. चार ओळींचं मोठ्या अक्षरांतलं चित्र करा, वर तारीख आणि वेळ टाका, म्हणजे पुढच्या आठवड्यात तेच चित्र पुन्हा फिरलं तर जुनं आहे हे कळेल. वीस सेकंदांचा आवाजातला निरोप करा. वाचता न येणाऱ्या आजोबांपर्यंत तोच जातो. घंटागाडीचा भोंगा, टँकरवर चिकटवलेला कागद, सोसायटीच्या वॉचमनचा ग्रुप, शाळेतल्या ताई, अंगणवाडी सेविका, यांची यादी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाकडे हवी. किरकटवाडी, नांदेडसारखी गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. अशा भागात लोक अजून आधी जुन्या सरपंचांना फोन करतात. मग त्यांनाच आधी निरोप द्या.

अफवा खोडताना ती मथळ्यात छापू नका. वर खरी गोष्ट, खाली एकदाच अफवेचा उल्लेख.

पत्रकारांशी

थोडक्यात सांगते. फोन उचला. ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे दुसऱ्या दिवशी छापून येतं, आणि वाचणारा त्याचा अर्थ ‘तोंड लपवलं’ असा घेतो. आकडे कागदावर द्या. पत्रकार परिषद रात्री आठला ठेवू नका. तोवर शहर पानं भरत आलेली असतात. बाइट देताना पहिलं वाक्य ज्यांना त्रास झाला त्यांच्याबद्दल असू द्या, कारण वीस सेकंदांतलं बहुधा तेवढंच दाखवतात. ‘ऑफ द रेकॉर्ड’ असं संकटात काही नसतं, असं धरून चाला. आणि खूप छळणारा प्रश्न आला तर खरं ते बोला: ‘हे मला आत्ता माहीत नाही. चार वाजता सांगते.’

काय सांगता येत नाही

इथे कायदा माहीत हवा, नाहीतर दोन्ही बाजूंनी घोळ होतो. १९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर शहर पेटून उठलं होतं, गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचं नाव जाहीर करा म्हणून दबाव होता. पण कायद्याच्या कचाट्यात आलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ मनाई करतं. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख, पॉक्सोखालच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या बालकाची ओळख, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीतला तपशील, हे सगळं असंच बंद आहे. नाव गाळून ‘तृतीय वर्षातली, कोथरूडला राहणारी’ असं लिहिलं तरी ओळख उघड होते. रुग्णाचे रिपोर्टही त्याचे स्वतःचे असतात.

मात्र ही मनाई सांगतानाही कलमासकट सांगा. ‘माहिती देता येत नाही’ आणि ‘अमुक कायद्याच्या अमुक कलमामुळे नाव देता येत नाही, बाकी हे सांगू शकतो’ यात लोकांना फरक कळतो. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ ही तर आपल्याकडची आवडती ढाल. न्यायालयापुढच्या मुद्द्यावर मत देऊ नये हे बरोबर. पण वसतिगृह बंद आहे का चालू, टाकी धुतली का नाही, हे सांगायला कुठलं न्यायालय आड येत नाही.

उलट माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ वाचा. लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना संबंधित तथ्यं प्रसिद्ध करणं आणि ज्यांच्यावर परिणाम झाला त्यांना कारणं देणं, हे संस्थेचं काम म्हणून तिथे लिहिलं आहे. कुणी अर्ज करण्याची वाट बघायची नाही. आणि माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती मागितली असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. हा आकडा कार्यालयात भिंतीवर लावून ठेवा.

शिष्टमंडळ आलं तर

खाली या. केबिनमध्ये पाचच जणांना सोडा, बाकीचे बाहेर, असं झालं की बाहेरच्यांचा राग वाढतो. शक्य असेल तर गेटपाशी उभं राहून निवेदन घ्या, तिथेच पूर्ण वाचा, आणि लोकांसमोर आवक क्रमांक टाकून पोच द्या. मग मागण्यांवर बोट ठेवत बोला: ही माझ्या अधिकारात आहे, शुक्रवारपर्यंत करतो. ही आयुक्तांकडे जाते, आज पाठवतो, उद्या जावक क्रमांक कळवतो. ही होणार नाही, कारण हे. ‘सकारात्मक विचार करू’ म्हणून पाठवलेली माणसं दुप्पट संख्येने परत येतात.

माफी

‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करतो.’ या ‘असल्यास’मध्ये सगळं वाया जातं. समोरचा माणूस दुखावून दारात उभा आहे आणि आपण म्हणतोय, दुखावला असल्यास. वकील सांगतात, माफी म्हणजे कबुली, जपून. त्यांचं म्हणणं टाळण्यासारखं नाही, म्हणून दोन भाग करा. झालेल्या हानीचं दुःख चौकशीविना, त्याच दिवशी बोला: ‘आमच्या आवारात तुमचा मुलगा जखमी झाला, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.’ चूक कुणाची ते ठरल्यावर दुसरा भाग: आम्ही हे चुकलो, अमुक बदललं, अमुक भरपाई दिली. आणि तो छापायच्या आधी त्या घरी जाऊन सांगा. कॅमेरा न नेता.

महिन्याभराने

चौकशी समिती नेमली हे जाहीर करताना सदस्य, कार्यकक्षा आणि अहवालाची तारीख जाहीर करा. तारीख चुकणार असेल तर चुकायच्या आधी नवी सांगा. साक्षीदारांची नावं आणि खासगी तपशील झाकून अहवालाचा सारांश मराठीत फलकावर आणि संकेतस्थळावर लावा. त्या परभणीच्या आईला मी अहवाल आल्यावर फोन केला होता. मेसच्या टाकीचं झाकण तुटलेलं होतं, ते आता बसवलंय, टाकी दर महिन्याला धुतली जाते, हे सांगितलं. तिने विचारलं, कोण बघतं धुतली का ते? मी नाव सांगितलं. मग ती म्हणाली, बरं.

उरतं ते शांत दिवसांतलं काम. मेच्या अखेरीस, पालखी आणि पाऊस यायच्या आधी, एक दुपार काढा. निवेदनाचा नमुना काढून वाचा, बोलण्याच्या परवानगीचा आदेश बदललेल्या अधिकाऱ्यांच्या नावांनी नवा करा, आणि फलकावरच्या प्रत्येक क्रमांकावर स्वतःच्या मोबाइलवरून, रात्री अकरानंतर, एकदा फोन लावून बघा.